दोन बोटं सोडून

वऱ्हाडात लहान पोरासाठी घरी चड्डी शिवतात, ती त्या पोराच्या मापाची कधीच नसते. ती त्याच पोराच्या पुढच्या वर्षीच्या मापाची असते. यंदाच्या पोराने ती फक्त सांभाळायची असते. अमरावतीहून अकोल्याला जाताना बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असं कुठेही उतरा आणि शिलाई मशीनवर बसलेल्या कोणत्याही बाईला विचारा, पोराची चड्डी केवढी बेतायची? उत्तर ठरलेलं आहे. "दोन बोटं सोडून शिवजो वं. वाढतं आंग हाये पोट्ट्याचं."

ही दोन बोटं नेमकी कोणाची, हे विचारायचं नसतं. आईची दोन बोटं सव्वा इंचाची असतात, आजीची दोन बोटं चार इंचांची. आजी घरात असेल तर प्रत्येक चड्डीला पायजमा होण्याचा धोका असतो.

या शिवणकामाचा हंगाम मे महिन्याचा. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आयांना बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे जास्तीचे मिळतात. शिवाय एरवी पोट्टं मापाला सापडत नाही. अकोल्यात पारा 45च्या पुढे गेला आणि दाराला आतून कडी लागली की दुपारी दोन वाजता ते घरात हमखास सापडतं. मग त्याला खाटेवर उभं करून कमरेला टेप लावायची. टेप लागली की त्याला गुदगुल्या होतात. गुदगुल्या झाल्या की पोट आत जातं. आई खेकसली की पोट बाहेर येतं. या दोन पोटांमध्ये चांगला दोन इंचांचा फरक असतो. आई बाहेर आलेलं पोट ग्राह्य धरते आणि त्यावर पुन्हा दोन बोटं सोडते. चड्डी सुटते ती इथेच. मशीनपर्यंत गोष्ट जातच नाही.

मुरलेल्या बायका म्हणूनच टेपेच्या नादी लागत नाहीत. त्यांची पद्धत सोपी. मागच्या वर्षीची चड्डी घ्यायची, उभी दुमडायची, जुन्या 'देशोन्नती' पेपरच्या पानावर ठेवायची आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढायची. रेघेच्या बाहेर शिलाईसाठी अर्धा इंच, पायाच्या दुमडीसाठी एक इंच, वर नेफ्यासाठी दीड इंच. कागद कापायचा, त्याची सरळ कड दुहेरी कापडाच्या घडीला लावायची, खडूने आखायचं, कात्री चालवायची. असे दोन तुकडे झाले की निम्मं काम संपलं. आधी प्रत्येक तुकड्याची मांडीची शिलाई मारायची. मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घालायचा आणि आसनाची गोलाई एका दमात शिवून काढायची. ही पाय पायात घालण्याची युक्ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादू वाटते आणि पहिल्यांदा करणारीच्या हातून दोन्ही पाय बंद झालेली एक उत्तम पिशवी तयार होते. त्या पिशवीतून पुढे भाजी येते. वऱ्हाडी घरात कापड वाया गेल्याची नोंद नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट खरोखर शिकण्याची आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा एक-दीड इंच उंच ठेवावा लागतो, कारण मूल सारखं खाली बसतं, वाकतं, उकिडवं होतं, आणि कापड मागून ओढलं जातं. बऱ्याच घरांत मात्र पुढचा-मागचा भाग सारखाच कापतात. त्यांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पुढचं-मागचं एकच असेल तर पोरगं कशीही घालो, चुकत नाही. आणि आज पुढे असलेली बाजू उद्या मागे गेल्यामुळे चड्डीचं बूड दुप्पट दिवस टिकतं. बसल्यावर पाठ उघडी पडते, हा आक्षेप आजी एका वाक्यात निकालात काढते. "उन्हायाचे दिवस हायेत, हवा लागू दे."

कापडाचा प्रश्न आणखी वरच्या पातळीवरचा. चड्डीसाठी नवीन कापड आणणं हा शेवटचा उपाय. त्याआधी घरात पाहणी होते. बाबांची गुडघ्यावर विरलेली पँट असेल तर तिच्या पायांतून एक चड्डी आरामात निघते. आबाजींचं धोतर असेल तर आतल्या चड्ड्यांचा वर्षाचा प्रश्न मिटतो. गादी नव्याने भरताना तिचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कपडा उरला तर तो फेकवत नाही, आणि मग वर्गात सगळ्यांत मजबूत चड्डी कोणाची आहे हे लांबूनही कळतं. ती फाटत नाही, झिजत नाही, तिच्यात मूल वाकतही नाही. पडदे बदलले की मोठ्या फुलांची चड्डी येते. पाहुणे बसल्या जागेवरून एकदा खिडकीकडे आणि एकदा पोराकडे पाहतात, पण चहा झालेला असल्यामुळे काही बोलत नाहीत.

हे सगळं संपलं तरच कटपीसच्या दुकानाची पायरी. तिथला संवाद साधारण असा.

"भाऊ, पाऊण मीटर द्या."

"पोट्टं केवढं हाये काकू?"

"हाये तेवढंच हाये. पण वाढून राह्यलं."

"मंग मीटर न्या."

"मीटरात त दोन निंगतात!"

"दोन काढा ना मंग."

आणि काकू दोन काढतात. चुलत, मावस, शेजारचं असं कोणी ना कोणी दुसऱ्या चड्डीला सापडतंच. दिवाळीला तर घरातल्या साऱ्या पोरांना एकाच ताग्यातून शिवायची रीत. लग्नाकार्यात अशी सात-आठ पोरं एका रंगात मांडवातून पळाली की वाजंत्रीवाले ती आपल्यातलीच समजून त्यांना मागे उभं करत. यात सोयही होती. गर्दीत पोरगं हरवलं तर चेहऱ्याचं वर्णन करत बसायचं नाही; दुसरं पोरगं दाखवायचं.

ज्या मुलखात चड्डीच्या कापडाची एवढी चणचण, तो मुलूख कापसाचा आहे, ही यातली खरी गंमत. अमेरिकेत 1861 साली यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना वऱ्हाडातली पऱ्हाटी आठवली. त्या कापसापायी आगगाडी आली. कापसाच्या बाजारासाठी खामगावला टाकलेल्या फाट्याचं उद्घाटन करायला 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे नॅरोगेजची शकुंतला गाडी निघाली, तीही कापूस वाहायला. म्हणजे दर्यापूरच्या वावरातली बोंडं आधी मूर्तिजापूरला जात, तिथून मुंबईला, तिथून बोटीने विलायतेला. तिथे त्यांचं कापड होई, ते कापड पुन्हा बोटीने मुंबईला, आणि तिथून आगगाडीने अमरावतीच्या बाजारात येई. एवढा प्रवास करून आलेल्या कापडातून दर्यापूरच्या बाईने पाऊण वार मागितलं की दुकानदार गजाने मोजताना बोटाएवढं आखडतं घेई. नंतर अकोल्याला सावतराम मिल आणि बडनेऱ्याला विजय मिल उभी राहिली, कापसाचा प्रवास थोडा आखूड झाला. चड्डी मात्र लांबच राहिली.

हिशेबच करायचा तर करून पाहू. एक क्विंटल कापूस जिनिंगला घातला की 34 किलोच्या आसपास रुई निघते, बाकीची सरकी. सूत काढताना, विणताना थोडी तूट धरा आणि हाती 30 किलो कापड आलं असं माना. चांगल्या जाडीच्या सुती कापडाचं वजन चौरस मीटरला 150 ग्रॅम. पोराच्या चड्डीला अर्धा चौरस मीटर पुरतं, म्हणजे 75 ग्रॅम. तेव्हा एका क्विंटलात 400 चड्ड्या झाल्या. लांब धाग्याच्या कापसाचा 2024-25चा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. सरकीही त्यातच धरली तरी चड्डीमागे शेतकऱ्याच्या वाट्याला एकोणीस रुपये येतात. मॉलमध्ये तुम्ही तीच वस्तू कितीला घेतली, ते पावतीवर पाहा आणि पावती घरच्या आजीला दाखवू नका. आणि आजीची दोन बोटं धरली तर 400चा आकडा 350वर येतो, हेही जिनिंगवाल्यांना सांगू नका.

मशीनची कथा याहून सुरस. यंत्रांविषयी कडक बोलणाऱ्या गांधीजींनी 1924 साली एका संभाषणात शिवणयंत्राला मात्र सूट दिली होती. बायकोचे शिवणातले कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांनी सांगितलं. बापूंचं मन मोठं. आयझॅक सिंगर यांनी 1851 साली पेटंट घेतलं हे खरं, पण त्यांचा संसार एका बायकोत मावणारा नव्हता. निरनिराळ्या घरांत मिळून त्यांना वीसहून अधिक अपत्यं होती. एवढ्या पोरांच्या चड्ड्या हाताने धावदोरा घालून शिवायच्या म्हटल्यावर कोणीही यंत्र शोधून काढलं असतं. वऱ्हाडातल्या बायकांना यातलं प्रेम पटत नाही, पोरं पटतात.

आपल्याकडे हे मशीन आलं ते बहुतेक करून लग्नात, आंदणात. मग ते सिंगर असो नाहीतर उषा. घरात त्याच्यावर शिवण कमी आणि घडी घातलेले कपडे जास्त असतात. ते चालवायला बसलं की आधी दोरा तुटतो. नंतर बॉबिन संपते. बॉबिन भरेपर्यंत लाइट जाते. पायाचं मशीन असल्यामुळे लाइट जाण्याचा काही संबंध नसतो, पण आसनाची गोलाई अंधारात शिवता येत नाही. तेवढ्यात पोरगं पायडलवर चढून झोका घेतं आणि पट्टा उतरतो. एका चड्डीची शिलाई अर्ध्या तासाची आणि पट्टा चढवण्याचा वेळ वेगळा.

आता नेफा. चड्डीतला सगळा इतिहास नेफ्यात घडतो, कारण तिथे नाडा की इलॅस्टिक हा वाद आहे. नाड्याच्या बाजूने जुनी पिढी. नाडा कोणत्याही कमरेला बसतो, दोन बोटं सोडा नाहीतर चार, ओढून बांधलं की झालं. पण पोराला सुरगाठ येत नाही. ते निरगाठ मारतं, ती घामाने आवळते, आणि ऐन गरजेच्या वेळी पोरगं बालवाडीच्या बाईंसमोर पाय आपटत उभं राहतं. बाईंनी दातांनी, नखांनी, हेअरपिनने सोडवलेल्या गाठींचा कुठल्याही सेवापुस्तकात उल्लेख नाही. शिवाय नाड्याचं एक टोक एक दिवस नेफ्यात गडप होतं. मग सेफ्टी पिनेला दुसरं टोक अडकवून पिन नेफ्यातून सरकवत न्यायची. अर्ध्या वाटेत पिन आतच उघडते. तिथून पुढे घरातलं कोणी कोणाशी बोलत नाही.

इलॅस्टिकचे समर्थक आधुनिक. गाठ नाही, पिन नाही, पोरगं आपलं आपण चड्डी काढतं-घालतं. खरं आहे, पण इलॅस्टिकमध्ये रबर असतं आणि रबराला अकोल्याचं ऊन सोसत नाही. गच्चीवरच्या तारेवर एक उन्हाळा काढला की ते कडक होतं, मग त्याचा दम जातो. दिवाळीनंतर चड्डी कमरेवर राहते ती केवळ सवयीने. वऱ्हाडातल्या कित्येक पोरांचा डावा हात कायम नेफ्यावर असे. उजव्या हाताने लिहायचं, गोट्या खेळायच्या, बोरं पाडायची आणि डाव्याने चड्डी धरायची. खरी कसोटी 15 ऑगस्टला. झेंडावंदनाला सावधान उभं राहायचं म्हणजे दोन्ही हात मांडीला चिकटलेले हवेत, आणि राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. ते 52 सेकंद पोटं फुगवून काढलेले नागरिक आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. तो श्वास रोखून धरण्याला लोक देशभक्ती समजले, आणि पोरांनीही गैरसमज दूर केला नाही.

खिशावरून आई आणि पोरगं यांच्यात दरवर्षी वाटाघाटी होतात. पोराला दोन हवे असतात, आईला एकही नको असतो, कारण खिसा म्हणजे चिंचोके, गारगोट्या, अर्धं बोर, आणि एकदा जिवंत सरडा. शेवटी एका खिशावर तडजोड होते. तो मागे लावायचा ठरतो, म्हणजे बसल्यावर टोचेल आणि आपोआप रिकामा होईल. पोरगं बसायचंच सोडून देतं.

आणि ठिगळ. बूड झिजलं की आतून दुसरं कापड लावून शिवायचं, रंग जुळला नाही तरी चालेल. "आतून कोण पाह्यते?" हा आजीचा सिद्धांत ठिगळ बाहेरून लावलं तरी लागू असतो. या बाबतीत आपल्याला मोठा आधार आहे. 1876 साली शेंडगावात जन्मलेल्या डेबूजींनी, म्हणजे गाडगेबाबांनी, चिंध्यांच्या अंगरख्यात गावंच्या गावं झाडून काढली. ज्या वर्गाच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे, त्या वर्गात ठिगळाबद्दल बोलायची कोणत्या गुरुजींची छाती होणार?

तर अशी चड्डी पहिल्या वर्षी गुडघ्याखाली येते. पोरगं तक्रार करतं, "माय, थे खाली येऊन राह्यली." माय म्हणते, "त तू वर वाढ ना बापा!" दुसऱ्या वर्षी ते खरंच वाढतं. चड्डी कमरेला बसते, गुडघ्याच्या वर चार बोटं राहते, चालताना हाताची गरज पडत नाही. आरशात पाहून ते खूश होतं. त्याच दिवशी आईचंही लक्ष जातं आणि ती म्हणते, "तुले आता तंग होते. धाकट्याले दे." अंगाला बरोबर बसलेली चड्डी म्हणजे अखेरच्या घटका मोजणारी चड्डी, हे थोरल्याला त्या दिवशी कळतं. धाकट्याच्या गुडघ्याखाली ती पुन्हा जाते. मधल्यांनी तर नवीन चड्डी फक्त दुरून पाहिलेली असते.

हे शास्त्र किती पक्कं आहे, ते सरकारला 2024 साली समजलं. त्या शैक्षणिक वर्षात 'एक राज्य, एक गणवेश' योजना लागू झाली. कापड वरून, कापणी वरून, आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांकडे. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा. त्याचं कापड शाळांकडे येणार, शिलाईला 100 रुपये आणि वरखर्चाला 10. कागदावर सगळं बिनचूक होतं. पण 15 ऑगस्ट उलटला तरी ठिकठिकाणी गणवेश पोचले नव्हते, आणि जे पोचले त्यांच्या मापाची ओरड राज्यभर झाली. कोणाला ढगळ, कोणाला आखूड. अखेर डिसेंबर 2024मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

नेमकं चुकलं कुठे, यावर तज्ज्ञ बोलले. वऱ्हाडातल्या कोणत्याही बाईने ते तज्ज्ञांच्या आधी सांगितलं असतं. कापणी झाली ती एका सरासरी पोराची, आणि सरासरी पोरगं आजवर कोणत्याही आईला झालेलं नाही. घरची चड्डीही चुकते, पण ती नेहमी एकाच बाजूला, मोठ्या बाजूला, चुकते. मोठी चड्डी नाड्याने आवळता येते, दुमडून टीप मारता येते, वाट पाहता येते. आखूड चड्डीला वाट पाहून काही होत नाही. मंत्रालयाच्या कात्रीने मोठ्याला आखूड आणि लहानाला ढगळ असा न्याय केला. त्यात दोन बोटं कोणीच सोडली नव्हती, कारण निविदेत बोटांचा रकाना नसतो.

आता घरी शिवणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत. अमरावतीत बिझिलँड, सिटीलँडसारखे ठोक कापडाचे मोठे बाजार आहेत, तयार कपडे ढिगाने मिळतात. नांदगाव पेठला हजार एकरांचं पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क व्हायचं आहे. त्याचं भूमिपूजन सप्टेंबर 2024मध्ये वर्ध्यातून झालं. म्हणजे बोंडापासून चड्डीपर्यंतचा सगळा प्रवास पुढेमागे एका तालुक्यात उरकेल. तयार चड्डीवर वय छापलेलं असतं, चार ते पाच वर्षं, पाच ते सहा वर्षं. दुकानात गेलेली आजची शिकलेली, नोकरी करणारी आई लेबल नीट वाचते, पोराच्या वयाचा आकडा मनात धरते आणि पुढच्या आकड्याची चड्डी उचलते. नवरा विचारतो, ही मोठी नाही का होणार? ती त्याच्या मनगटावरून खाली आलेल्या शर्टाच्या बाहीकडे पाहते आणि बिल द्यायला सांगते.

त्या नवऱ्यालाही यात बोलायला तोंड नाही. त्याने गेल्याच वर्षी रिंगरोडला घर बांधलं. एकच मजला, पण गच्चीवर चारी कोपऱ्यांत कॉलमचे गज हातभर बाहेर सोडलेत. आर्किटेक्टने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वाढतं घर हाये भाऊ." गज गंजले तरी चालतील, पण कापून कोणी टाकणार नाही. आणि वर दुसरा मजला चढला, घर माणसांना अगदी बरोबर पुरायला लागलं, की समजावं, आता हे धाकट्याच्या नावावर होणार.